अष्टमीची नोंद

चौकशी समितीच्या खोलीत एकच पंखा,
तो अध्यक्षांच्या डोक्यावर.
खिडकीतून भाट्याची खाडी दिसते, पुलावरची एसटी दिसते,
आणि वाऱ्याबरोबर आत येतो
जेटीवर वाळत घातलेल्या सुकटाचा वास,
जो कुठल्याच इतिवृत्तात येत नाही.

टेबलावर दोन वह्या.
होडेकर नौशीन. पालशेतकर विघ्नेश.
तीस दिवसांच्या भरतीच्या नोंदी, सेंटिमीटरमध्ये,
तीसच्या तीस सारख्या.
आणि अष्टमीला, ऐन भांगाच्या दिवशी,
पाणी अंगात जीव नसल्यासारखं चढतं तेव्हा
दोघांच्याही वहीत दोनशे एक्क्याऐंशी.
चूकसुद्धा जुळी.

"स्पष्टच आहे," अध्यक्ष म्हणाले.
"मुलगी पहिली येते. हा चार दिवस वर्गात, तीन दिवस बोटीवर.
कोणी कोणाचं उतरवलं, हे काय सांगायला हवं?"
पावणेबारा वाजले होते.
त्यांना दोनची चिपळूण गाडी पकडायची होती.

मी म्हटलं, नियम सात वाचू.
(अशा वेळी माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा होतो,
मला माहीत आहे.)
आरोप लेखी, त्याला कळेल अशा भाषेत.
सात दिवसांची मुदत.
वही त्याच्यासमोर उघडून.
आणि एकेकट्याला विचारायचं,
उत्तर त्याच्या तोंडात न घालता.
नोटीस इंग्रजीत गेली होती, ती पुन्हा काढली.
त्यात आठवडा गेला, आणि समितीत मी नावडती झाले.

पुढच्या बुधवारी विघ्नेश आला.
शर्टाला कडक इस्त्री, नखांत डांबर.
"वाचन कुठे उभं राहून घेतलंस?"
"जेटीच्या तिसऱ्या खांबापाशी. खालचा रंग गेलाय,
म्हणून बोटानं चाचपून."
"रात्रीची वाचनं?"
"माझी. दिवसाची नौशीनची.
रात्री दोनला तिला घरून कोण सोडणार, मॅडम?
अष्टमीला माझे डोळे मिटत होते,
एकशे ब्याऐंशीचं उलटं लिहिलं मी. तिनं ते तसंच घेतलं."
थांबला. मग हळूच,
"तुम्हीच म्हणाला होतात ना,
दोघांत मिळून केलंत तरी चालेल?"

मी?

ऑक्टोबर. कॉरिडॉर. काखेत पेपरांचा गठ्ठा,
प्रयोगशाळेचं कुलूप लागत नव्हतं,
आणि पाठीमागून कोणीतरी काहीतरी विचारलं.
"हो हो, चालेल."
वळूनही न बघता.
छापील सूचनेत मात्र ठळक अक्षरांत: स्वतंत्रपणे.
तीही माझीच.

दुसऱ्या कोणी ऐकलं नव्हतं.
"स्मरणात नाही" हे दोन शब्द
सरकारी कागदावर फार शोभतात.
पेन माझ्याच हातात होतं.

नियम अकरा: ज्याचा प्रकरणाशी संबंध, त्यानं निर्णयाला बसू नये.
तीन वर्षांपूर्वी मीच टाइप केला होता, दुसऱ्या कोणासाठी तरी.
खुर्ची मागे सरकवली, फरशीवर करकरली.
अध्यक्ष म्हणाले, "अहो, बसा, एवढं काय?"
टेबलाला वळसा घालून
मी विघ्नेशशेजारच्या स्टुलावर बसले.

तिथून कळलं,
खिडकीचा उजेड थेट डोळ्यांत येतो.
समितीचे चेहरे दिसतच नाहीत.

जबाब दिला, सही केली, बाहेर आले.
नौशीन आत जात होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

बाकावर एक माणूस, गुडघ्यांवर पालथे हात,
पायाशी प्लास्टिकची पिशवी.
तो सरकला, जागा केली.
"तुमचा पन कोन हाय आत?"
"हो," मी म्हटलं. "दोघं."
बराच वेळ तो खाडीकडे बघत राहिला.
"भांग हाय आज," म्हणाला,
"पानी काय लय चढायचा नाय."